मुखकर्करोगाचे निदान : निळ्या प्रकाशाचे सामर्थ्य आणि मर्यादा

तोंडाच्या आतील भागावर निळा प्रकाश टाकायचा, विशिष्ट रंगगाळणीतून तो भाग न्याहाळायचा आणि सुई न टोचता, मांसाचा कण न काढता कर्करोगाची चाहूल घ्यायची, हे तंत्र आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. दंतवैद्यकांच्या दवाखान्यांत आणि तपासणी शिबिरांत वापरता येतील अशी हातात मावणारी उपकरणे बाजारात आली आहेत आणि त्यांपैकी काही भारतीय शास्त्रज्ञांनी घडवलेली आहेत. जगातील मुखकर्करोगाच्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण ज्या देशात आढळतात, त्या देशाने या तंत्राकडे आशेने पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु हा प्रकाश नेमके काय दाखवतो आणि काय दाखवू शकत नाही, याचा विचार उपकरणांच्या खरेदीआधी झाला नाही, तर या आशेची किंमत रुग्णांनाच मोजावी लागेल.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार, ओठ आणि मुखपोकळीच्या कर्करोगाचे जगभरात सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार रुग्ण एकट्या भारतातील होते आणि त्याच वर्षी देशात या रोगाने सुमारे ८० हजार जणांचा बळी घेतला. भारतीय पुरुषांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. त्याचे मूळही अज्ञात नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २१.४ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २० कोटी लोक, धूरविरहित तंबाखूचे सेवन करतात असे दिसून आले होते. बिहार-उत्तर प्रदेशातील खैनी, छत्तीसगड-ओडिशातील गुडाखू, विदर्भातील खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातील मावा, ग्रामीण स्त्रियांची मिश्री ही या व्यसनाची प्रांतोप्रांतीची रूपे होत. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, ही बाब अजून बहुसंख्य लोकांच्या गावी नाही.

या रोगाची शोकांतिका अशी, की तो डोळ्यांना दिसणाऱ्या जागी होतो आणि तरीही उशिरा सापडतो. जठर किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी शरीरात दुर्बीण घालावी लागते किंवा महागड्या प्रतिमा घ्याव्या लागतात. तोंड मात्र उघडले की दिसते. बहुतेक वेळा कर्करोगापूर्वी पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण अथवा तोंड हळूहळू कमी उघडणे अशी लक्षणे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे दिसत असतात. असे असूनही निम्म्याहून अधिक भारतीय रुग्ण रोग बळावल्यानंतर रुग्णालयात पोहोचतात. लवकर पोहोचण्याने किती फरक पडतो, याचा एक दाखला मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील मोठ्या चाचणीतून मिळतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत प्राथमिक अवस्थेतील रुग्णांवर तोंडातील गाठीबरोबरच मानेतील लसिका ग्रंथींचीही शस्त्रक्रिया तेव्हाच केली असता तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथींची शस्त्रक्रिया रोग तेथे दिसेपर्यंत लांबणीवर टाकली, तेव्हा हेच प्रमाण ६७.५ टक्के भरले. प्राथमिक अवस्थेतसुद्धा काही महिन्यांच्या विलंबाने एवढे अंतर पडत असेल, तर रोग जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचल्यावर काय होत असेल याची कल्पना करता येईल.

प्रकाशाच्या तंत्राची उपयुक्तता तपासायची, तर ते कसे चालते हे आधी पाहिले पाहिजे. काही पदार्थांवर अधिक ऊर्जेचा, म्हणजे अतिनील अथवा निळा प्रकाश पडला की ते त्याचा काही अंश शोषून घेतात आणि लगेच कमी ऊर्जेचा, म्हणजे हिरवा, पिवळा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी तिचे शास्त्रीय विवरण केले. मानवी ऊतींमध्ये असे पदार्थ नैसर्गिकरीत्याच असतात. त्वचेखालील आधारजाळे विणणारी कोलॅजेन आणि इलॅस्टिन ही प्रथिने, तसेच पेशींच्या ऊर्जानिर्मितीत भाग घेणारी एनएडीएच आणि एफएडी ही सहविकरे ही त्यांची प्रमुख उदाहरणे. त्यामुळे सुमारे ४०० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकून निरोगी मुखत्वचा योग्य गाळणीतून पाहिली तर ती फिकट हिरवी चमकते.

कर्करोगाकडे वाटचाल करणाऱ्या भागात ही चमक मंदावते आणि तो भाग भोवतालच्या हिरव्या पार्श्वभूमीवर काळपट दिसतो. यामागे एकच कारण नाही. विकृत पेशींनी सोडलेल्या विकरांमुळे खालचे कोलॅजेनचे जाळे विस्कटते. अस्तराची जाडी वाढल्याने प्रकाश त्या जाळ्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. पेशींचा चयापचय बदलल्याने एफएडीचे प्रमाण घटते. शिवाय वाढत्या पेशींना रक्त पुरवण्यासाठी नव्या सूक्ष्म वाहिन्या तयार होतात आणि रक्तातील हिमोग्लोबिन निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात गिळून टाकते. उपकरणाला कर्करोगाची पेशी दिसत नाही. त्याला चमकेचा अभाव दिसतो. तो अभाव कर्करोगामुळे आहे की अन्य कशामुळे, हे प्रकाश सांगत नाही. या तंत्राविषयीचे बहुतेक गैरसमज हा भेद नजरेआड केल्याने निर्माण झाले आहेत.

कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समधील आल्बेर पोलिकार यांनी १९२४ मध्येच अतिनील प्रकाशाखाली काही गाठी लालसर चमकतात असे नोंदवले होते. ती चमक पॉर्फिरिन या द्रव्यगटाची होती. लेझर आणि संवेदनक्षम प्रकाशमापक उपलब्ध झाल्यानंतर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या संशोधनाला गती आली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया कर्करोग संस्थेच्या संशोधनातून ‘व्हेलस्कोप’ हे हातात धरायचे उपकरण तयार झाले आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. ही परवानगी नेहमीच्या तपासणीला पूरक साधन म्हणून होती, निदानाचे स्वतंत्र साधन म्हणून नव्हे. जाहिरातींत मात्र हा फरक फारसा ठळकपणे येत नाही.

भारतातील काम या बाबतीत मागे नव्हते. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील (२००५ पासून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) शास्त्रज्ञांनी ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेझर वापरून मुखकर्करोगाच्या ऊतींच्या प्रतिदीप्तीचा प्राथमिक अभ्यास २००० साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे याच केंद्राने ‘ऑन्कोडायग्नोस्कोप’ हे सुटसुटीत उपकरण विकसित केले. तिरुवनंतपुरम येथील पृथ्वीविज्ञान अध्ययन केंद्रात डॉ. एन. सुभाष यांच्या गटाने थोडी वेगळी वाट धरली. ऊतीतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात हिमोग्लोबिनच्या शोषणामुळे ५४५ आणि ५७५ नॅनोमीटरच्या आसपास दोन खाचा पडतात. त्या खाचांमधील गुणोत्तर निरोगी आणि विकृत ऊतींमध्ये वेगळे असते, असे त्यांनी दाखवले. प्रतिदीप्ती आणि परावर्तन यांची सांगड घालणारे ‘ओरलस्कॅन’ हे उपकरण पुढे त्यांच्या सास्कॅन मेडिटेक या नवउद्योगाने बाजारात आणले. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत रामन वर्णपटाच्या साहाय्याने मुखकर्करोगाचा वेध घेण्याचे काम दीर्घकाळ चालले. रामन परिणामाचा शोध भारतातच लागला असल्याने या प्रयत्नाला एक वेगळे औचित्य होते. मात्र रामन संकेत अतिशय क्षीण असतो, त्यासाठी महागडी उपकरणे लागतात आणि गावपातळीवर ते तंत्र पोहोचणे अजून दूर आहे. त्या मानाने प्रतिदीप्ती ही एका एलईडी दिव्यावर आणि गाळणीवर भागणारी गोष्ट आहे. तिचे आकर्षण यातच आहे.

मोबाइल दूरध्वनीने हे आकर्षण आणखी वाढवले. बंगळुरूतील कर्करोगतज्ज्ञ व दंतवैद्यक आणि अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठातील प्रकाशतंत्रज्ञ यांनी मिळून, साधा पांढरा प्रकाश आणि ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश या दोहोंत छायाचित्रे घेणारे मोबाइलआधारित उपकरण तयार केले. छायाचित्रांचे वर्गीकरण संगणकीय जाळ्याकडून करून घेण्याचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात अचूकतेची निरनिराळी परिमाणे ८१ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान आली. हे आकडे उत्साहवर्धक आहेत. पण संगणकाच्या उत्तराची तुलना जागेवर उपस्थित तज्ज्ञाच्या मताशी केली होती, हे लक्षात घ्यावे लागते. त्यावरून एवढेच सिद्ध होते, की यंत्र तज्ज्ञाच्या नजरेच्या जवळ पोहोचू शकते. जेथे तज्ज्ञ जाऊ शकत नाही तेथे ही गोष्टही लहान नाही. परंतु तज्ज्ञाची नजर म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा नव्हे.

आता या प्रकाशाच्या चुकांकडे वळावे लागेल, कारण त्या चुका भारतीय तोंडात अधिक संभवतात. चमक मंदावण्याचे एक कारण रक्तपुरवठा वाढणे हे असेल, तर ज्या ज्या कारणाने तोंडात दाह होतो त्या त्या कारणाने तो भाग काळपट दिसणार. कवळी घासून झालेली जखम, दाताच्या टोकाने चावलेला गाल, हिरड्यांची सूज, तिखटाने सोललेली जीभ, बुरशीचा संसर्ग ही त्याची नित्याची उदाहरणे. यावर अनुभवी वैद्यक एक सोपी युक्ती वापरतात. काळपट भागावर उपकरणाच्या बोथट टोकाने हलकेच दाब दिला की रक्त बाजूला सरते. चमक परत आली तर कारण बहुधा दाहाचे असते. तरीही शंका राहिली तर दाहाचे कारण दूर करून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले जाते. याउलट पांढऱ्या चट्ट्यावर केराटिनचा जाड थर असेल तर तो स्वतःच चमकतो आणि त्याखालची विकृती झाकली जाण्याचा धोका असतो. दातांवरील जंतूंच्या थरातील पॉर्फिरिन लाल-नारिंगी चमकतात. भारतीयांच्या हिरड्यांत आणि गालाच्या आत नैसर्गिक काळसर रंगद्रव्य असते, तेही निळा प्रकाश शोषते. पान-तंबाखूचे डाग वेगळेच.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न सबम्यूकस फायब्रोसिस या विकाराचा आहे. सुपारीच्या सेवनाने गालांच्या आतील कोलॅजेन घट्ट होत जाते, तोंड उघडेनासे होते आणि काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. हा विकार मुख्यतः भारतीय उपखंडातील आणि सुपारी खाणाऱ्या अन्य समाजांतील आहे. युरोप-अमेरिकेत तयार झालेली उपकरणे ज्या तोंडांवर पारखली गेली, त्यांत तो क्वचितच होता. या विकारात कोलॅजेन कमी न होता साठते, त्यामुळे प्रतिदीप्तीची मूळ पातळीच बदललेली असते. निरोगी गोऱ्या मुखत्वचेवर ठरवलेला मापदंड खर्रा खाणाऱ्या तरुणाच्या ताठरलेल्या गालाला जसाच्या तसा लावणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही. इंदूर, तिरुवनंतपुरम आणि बंगळुरू येथील कामाचे खरे मोल येथे आहे, कारण ते भारतीय रुग्णांवर झाले आहे. त्यात एक व्यावहारिक अडचणही नमूद केली पाहिजे. प्रतिदीप्ती मंद असते आणि ती नीट दिसण्यासाठी खोलीत अंधार लागतो. भर दुपारी शाळेच्या पटांगणात मांडवाखाली भरणाऱ्या शिबिरात तो कोठून आणायचा, याचे उत्तर उपकरणाच्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाही.

उपलब्ध पुराव्याचे एकत्रित मूल्यमापन काय सांगते? निदानचाचण्यांचे कॉक्रेन संस्थेने केलेले पुनरावलोकन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडात डोळ्यांना दिसणारा दोष असलेल्या रुग्णांवरील अभ्यास त्यात एकत्र केले होते. प्रकाशाधारित साधनांची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर विकृती असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण, सुमारे ८७ टक्के आढळले. विशिष्टता, म्हणजे विकृती नसलेल्यांना निर्दोष ठरवण्याचे प्रमाण, मात्र केवळ ५० टक्के होते. पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत ही दोन्ही प्रमाणे ९० टक्क्यांच्या घरात होती. तरीही यांपैकी कोणतीही चाचणी बायोप्सीची जागा घेण्याइतकी विश्वसनीय नाही, असाच या पुनरावलोकनाचा निष्कर्ष आहे. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत याच्याही पुढे जाऊन, प्राथमिक स्तरावर संशयास्पद चट्ट्यांचे मूल्यमापन करण्यासाठी प्रतिदीप्तीची साधने वापरू नयेत, अशी शिफारस केली होती.

पन्नास टक्के विशिष्टतेचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या तालुक्यात तंबाखू खाणाऱ्या १,००० जणांची तपासणी झाली आणि त्यांपैकी २० जणांच्या तोंडात खरोखर कर्करोग किंवा त्याआधीची विकृती आहे. वरील प्रमाणे जशीच्या तशी लागू केली तर उपकरण २० पैकी १७ जणांना पकडेल, ही समाधानाची बाब. पण उरलेल्या ९८० पैकी ४९० जणांच्या तोंडातही ते काळपट डाग दाखवेल. म्हणजे ५०७ जणांच्या मनात कर्करोगाची भीती निर्माण होईल आणि त्यांतील ३० जणांमागे एकच खरा रुग्ण असेल. एवढ्या लोकांना जिल्हा रुग्णालयात पाठवले तर तेथील व्यवस्था कोलमडेल. न पाठवले तर तपासणीचा अर्थच उरणार नाही. आणि ज्या तिघांना उपकरणाने निर्दोष ठरवले, ते निर्धास्त होऊन पुढची पुडी फोडतील. आता दुसरे उदाहरण घ्यावे. कर्करोग रुग्णालयात तज्ज्ञाने आधीच संशयास्पद ठरवलेल्या १०० रुग्णांवर हेच उपकरण वापरले आणि त्यांपैकी ३० जणांत विकृती असेल, तर ते ६१ जणांत काळपट भाग दाखवेल आणि त्यांतील २६ खरे असतील. दिवा तोच, गाळणी तीच; फक्त तपासायचे लोक बदलले. कोणत्याही चाचणीचे मोल ती कोणावर वापरली जाते यावर ठरते, हा नियम या उपकरणालाही लागू आहे.

तज्ज्ञांच्या हातातही प्रत्येक अपेक्षा पूर्ण झाली असे नाही. व्हँकुव्हरच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले होते, की २० पैकी १९ रुग्णांत चमक हरवलेला भाग डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडे, काही ठिकाणी २५ मिलिमीटरपर्यंत, पसरला होता. यावरून शस्त्रक्रियेची सीमा प्रकाशाच्या साहाय्याने आखली तर रोग उलटण्याचे प्रमाण घटेल, अशी आशा निर्माण झाली. ती तर्कसंगत होती. परंतु कॅनडातील अनेक केंद्रांत ४५७ रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले तेव्हा दोन्ही गटांत रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याच तंत्राची इतकी कठोर परीक्षा घेऊन प्रतिकूल निकाल जाहीर करणे, ही या संशोधकांची प्रामाणिकता दाद देण्याजोगी आहे. भारतीय उपकरणांची अशी मोठी, तटस्थ परीक्षा होणे आवश्यक आहे.

मृत्यू कमी झाल्याचा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा कोणत्याही लेझरचा नाही. तो प्रशिक्षित डोळ्यांचा आहे आणि तो भारतातूनच आला आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायत क्षेत्रांतील ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ९० हजार लोकांचा अभ्यास झाला. सात क्षेत्रांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. ‘लॅन्सेट’मध्ये २००५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्याचे सेवन करणाऱ्यांमध्ये तपासणीमुळे मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. १५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही ही घट २४ टक्के राहिली. व्यसन नसलेल्यांमध्ये असा लाभ दिसला नाही. ज्यांना धोका अधिक त्यांच्यावर लक्ष केंद्रित करावे, हा धडा त्यातून मिळाला.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची मुखतपासणी पाच वर्षांतून एकदा होणे अपेक्षित आहे. आशा कार्यकर्तीने घरोघर धोक्याची नोंद करायची, उपकेंद्रातील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी विजेरीच्या प्रकाशात तोंड पाहायचे आणि संशयितांना वरच्या रुग्णालयात पाठवायचे, अशी त्यातील साखळी आहे. कागदावर ही योजना तिरुवनंतपुरमच्या अनुभवाला धरून आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, कधी तरी मुखकर्करोगासाठी तपासणी झाली असे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण ०.९ टक्के आणि पुरुषांचे १.२ टक्के होते. त्यानंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांचे, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांचे जाळे विस्तारले आहे आणि तपासण्यांची संख्या वाढली आहे. मात्र नोंदवहीतील तपासणी आणि गाल बाजूला ओढून, जिभेच्या कडा व जिभेखालचा भाग पाहून केलेली तपासणी यांत अंतर असते, हे आरोग्य क्षेत्रातील जाणकार मान्य करतात. ज्या देशात शंभरांपैकी सुमारे नव्व्याण्णव तोंडे कोणी पाहिलेलीच नव्हती, तेथील अडचण दिवा कोणत्या रंगाचा ही नव्हती.

याचा अर्थ प्रतिदीप्तीचे तंत्र टाकाऊ आहे असा मुळीच नाही. त्याची जागा मधल्या पायरीवर आहे. मोठ्या, रंगीबेरंगी चट्ट्यातून नेमका कोठला तुकडा बायोप्सीसाठी घ्यावा हा दंतवैद्यकांपुढील नेहमीचा पेच असतो. चुकीच्या जागेचा तुकडा घेतला तर अहवाल निर्दोष येतो आणि रोग मात्र शेजारी वाढत राहतो. तेथे चमकेचा नकाशा उपयोगी पडतो. ल्युकोप्लाकियाच्या रुग्णाला दर काही महिन्यांनी तपासताना बदलाची तुलना करण्यासाठीही त्याची छायाचित्रे मोलाची ठरतात. एकदा कर्करोगावर उपचार झालेल्या रुग्णाच्या तोंडात दुसरी गाठ उद्भवण्याचा धोका असतो, त्याच्या पाठपुराव्यातही हे साधन वापरता येते. ही सर्व कामे प्रशिक्षित दंतवैद्यकाच्या अंधाऱ्या खोलीत होणारी आहेत. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुतेकांत मुखविकृतिशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय ही त्याची उदाहरणे. उपकरणे प्रथम तेथे द्यावीत आणि प्रत्येक प्रतिमेबरोबर बायोप्सीचा अहवाल जोडून ठेवावा. काही वर्षांत भारतीय मुखत्वचेचा, तिच्या रंगद्रव्यासह आणि फायब्रोसिससह, असा संग्रह तयार होईल की संगणकीय वर्गीकरणाला खरा आधार मिळेल.

राज्यांच्या आरोग्य विभागांनी किंवा उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून अशी उपकरणे घेताना काही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. उपकरणाची परीक्षा बायोप्सीच्या तुलनेत झाली होती की तज्ज्ञाच्या मताच्या? त्या रुग्णांत सुपारीचे फायब्रोसिस असलेले किती होते? परीक्षा उपकेंद्रात झाली की कर्करोग रुग्णालयात? ‘विनाछेद निदान’ हा शब्दप्रयोग तर निविदांतून आणि शिबिरांच्या फलकांवरून वगळलाच पाहिजे. छेद न घेता होते ती प्राथमिक पाहणी. निदान आजही ऊतीच्या तुकड्यावरच होते. बायोप्सीने कर्करोग पसरतो, हा निराधार समज खेड्यापाड्यांत आणि शहरांतही खोलवर रुजलेला आहे. विनाछेद निदानाचा गाजावाजा त्या समजाला नकळत खतपाणी घालतो आणि काळपट डाग दिसलेला रुग्ण तुकडा काढू देण्यास नकार देतो.

दरम्यान, रोगाचा पुरवठा अखंड चालू आहे. गोव्याने २००५ मध्ये गुटखाबंदीचा मार्ग धरला, महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदी लागू केली आणि नंतर बहुतेक राज्यांनी तसेच केले. तरी सुगंधित सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या शेजारी शेजारी टांगून बंदीला बगल दिली जाते, हे कोणत्याही पानटपरीवर दिसते. महाराष्ट्रातील बंदी असलेला माल सीमा ओलांडून येतो आणि पकडल्याच्या बातम्याही वारंवार येतात.

तिरुवनंतपुरमच्या चाचणीतील एक आकडा फारसा उद्धृत होत नाही. तपासणीत संशयास्पद ठरलेल्या पाच हजारांवर लोकांपैकी तीनांमागे एकाहून अधिक व्यक्ती पुढील तपासणीसाठी गेल्याच नाहीत, आणि हे साक्षरतेत अग्रेसर असलेल्या केरळात, संशोधकांचा पाठपुरावा चालू असताना घडले. दिवसाची मजुरी बुडणे, जिल्ह्याच्या गावी जाण्याचा खर्च, सोबत कोणी नसणे आणि निदान ऐकण्याची धास्ती ही कारणे गडचिरोलीत, बस्तरमध्ये किंवा नंदुरबारच्या डोंगराळ पट्ट्यात अधिकच तीव्र असणार. संशयित रुग्णाचा प्रवासखर्च देणे, ठरावीक दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात दंतवैद्यकाने जागीच तुकडा घेऊन तो फॉर्मेलिनच्या बाटलीत दंत महाविद्यालयाकडे रवाना करणे आणि अहवाल आशा कार्यकर्तीमार्फत घरी पोहोचवणे, यासाठी लागणारी तरतूद उपकरणांच्या किमतीच्या तुलनेत मोठी नाही. मौखिक आरोग्याचे आणि असंसर्गजन्य रोगांचे राष्ट्रीय कार्यक्रम आज एकाच मंत्रालयाखाली चालतात, दंतवैद्यकांची पदे पहिल्या कार्यक्रमात आणि कर्करोग तपासणी दुसऱ्यात. या दोहोंची गाठ तालुका पातळीवर कोण घालणार, हे मात्र बहुतेक राज्यांत अद्याप निश्चित झालेले नाही.